डोंगर बघायचं बोलावणं

वसंतात तुतीला पानं फुटली की आमच्या ल्यूजियाबांग गावातली दारं बंद होतात. आतून कडी, बाहेरून पीचची फांदी खोचलेली, आणि हे चांगलं महिनाभर. त्या महिन्यात कोणी कोणाकडे जात नाही. सोयरिकी ठरत नाहीत, भांडणं पुढे ढकलली जातात, घरातलं मीठ संपलं तर माणूस अळणी खातो पण शेजारचं दार वाजवत नाही. घरात रेशमाच्या अळ्या असतात. त्यांना अळ्या म्हणणाऱ्याची मात्र आमच्याकडे धडगत नाही. त्या बाळं आहेत. बाळांना मोठ्यानं बोललेलं खपत नाही, तळलेल्या माशाचा वास खपत नाही, आणि 'मेली' हा शब्द तर त्यांच्या कानावर पडायलाच नको. चौथी कात टाकली की बाळं आठवडाभर अखंड खातात आणि मग गवताच्या उभ्या पेंढ्यांवर चढून कोष विणायला लागतात. त्याला आम्ही डोंगर चढणं म्हणतो. बाळं डोंगर चढली की दारं उघडतात, आणि घरची बाई आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला सर्वांत आधी निरोप धाडते, डोंगर बघायला ये. ते माणूस लुकाटाची पिवळी, आंबटगोड फळं नाहीतर मासा घेऊन येतं, कोष बघतं, तोंडभर कौतुक करतं, चार घास खाऊन जातं. कोणी कोणाला आधी बोलावलं हे सगळं गाव लक्षात ठेवतं. आमच्या लोकांना दुसरा उद्योग काय!

फेइ सूयून याच गावातली. पुढे ती रेशमाच्या रोगांची आणि त्यांच्या विषाणूंची जाणकार झाली, तिची भाषणं व्हायला लागली, परदेशातून पत्रं यायला लागली. गावाला त्याचं फारसं काही नव्हतं. गावासाठी ती शेवटपर्यंत आत्साईची धाकटी बहीण आयून.

आयून लहान असताना आई अंड्यांचा कागद मऊ कापडात गुंडाळून पोटाशी बांधायची. अंगाच्या उबेनं अंडी फुटावीत म्हणून. त्या दिवसांत आई झोपेत कूससुद्धा बदलत नसे.

"मला बांधलं होतंस का असं कधी?" आयून गाल फुगवून विचारायची.

"तुला नऊ महिने बांधलं होतं. आता त्यांना बांधू दे."

आईनं माहेराहून एक पाटी आणली होती. बांबूची, गोल, पसरट, हात लागून लागून काळपट तांबूस झालेली. बाकीच्या पाट्या वसंताआधी कालव्यावर घासून धुतल्या जायच्या, उन्हात वाळायच्या. या पाटीला मात्र पाणी लावायचं नाही. कोरड्या फडक्यानं पुसायची, बस्स. घराचं नशीब तिच्यात मुरलेलं आहे, पाण्यात घातली तर वाहून जाईल, असं आईला तिच्या आईनं सांगितलेलं. अंड्यांतून मुंगीएवढी काळी पिल्लं निघाली की ती हंसाच्या पिसानं अलगद झाडून आधी या पाटीत घ्यायची. पहिली कात टाकली की दुसऱ्या पाट्यांत हलवायची, आणि आईची पाटी फडक्यात बांधून माळ्यावर टांगायची, ती पुढच्या वर्षापर्यंत.

आई गेली तेव्हा आयून दहा वर्षांची होती आणि आत्साई एकोणीसची. जाताना आई थोरलीला म्हणाली, "पाटी सांभाळ, आणि हिला शिकव." आयून मोठेपणी हे हसत सांगायची, आणि वर म्हणायची की आईचा क्रम बरोबर होता, पाटी राहिली म्हणून तर मी शिकले.

आणि ते खरंच होतं. आत्साईनं घरजावई करून घेतला. भाओजी होडी चालवायचे, दिवसातून दहा शब्द बोलायचे. आत्साईला आयुष्यात लिहितावाचता आलं नाही, पण बाळांच्या जिवावर तिनं धाकटीला शहराच्या शाळेत घातलं, मग रेशमाच्या विद्यालयात. रागीट बाई, पण हात मऊ. तिच्या हाताखाली बाळं अशी गुटगुटीत व्हायची की शेजारच्या छू काकूला खिडकीच्या फटीतून बघवत नसे.

आयून शहरातल्या रेशीम संशोधन केंद्रात लागली. गावापासून होडीनं एक दिवसाची वाट. तिथं तिनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून तो रोग पाहिला ज्याचं नाव गावात कोणी घेत नसे. रोग लागलेलं बाळ फुगतं, पिवळट चमकायला लागतं, खाणं टाकतं आणि पाटीच्या काठाकाठानं भटकत सुटतं. शेवटी कातडी फाटून दुधासारखं पाणी गळतं. त्या पाण्याच्या एका थेंबात आयूनला कंगोऱ्यांचे लखलखीत कण दिसले, खडीसाखर बारीक कुटल्यासारखे. प्रत्येक कणाच्या पोटात विषाणू झोपलेले. 'काय देखणं आहे गं हे,' असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

हुशार होती, चिवट होती, पण एक खोड काही जाईना. केंद्रातसुद्धा तिच्या तोंडातून 'मेली' हा शब्द निघत नसे. बैठकीत ती सांगायची, "डाव्या कपाटातली बहुतेक दमली."

"दमली म्हणजे काय, कॉम्रेड फेइ?" प्रमुख विचारायचे.

"म्हणजे... आता खाणार नाहीत."

रसायनं सांभाळणारा मिन नावाचा एक उंच, वाकलेला तरुण होता. तो मागून म्हणायचा, "मी अर्थ सांगतो. दमली म्हणजे गेली. झोपाळली म्हणजे जाणार. आणि रुसली म्हणजे आपण काहीतरी चुकलो." सगळे हसायचे. आयूनच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पुढे तिनं याच माणसाशी लग्न केलं, तेव्हा कोणालाही आश्चर्य वाटलं नाही.

एकोणीसशे पंचावन्नच्या वसंतात केंद्रातल्या तरुणांना गावोगाव पाठवलं. बंद दारं म्हणजे जुनाट खुळं, ती उघडायला लावा आणि लोकांना नवी पद्धत शिकवा, असा हुकूम होता. आयूनच्या वाट्याला तिचाच मुलूख आला. तिला आनंद झाला. खरं सांगायचं तर हुकुमाचं तिला एवढं नव्हतं. ताईला भेटून वर्ष झालं होतं. ती थेट केंद्रातून निघाली, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि गावात उतरून घराचं दार वाजवलं. दारावर पीचची फांदी होतीच.

"कोण मेलं... कोण आहे?" आतून आत्साईनं जीभ चावली.

"मी गं, ताई. आयून."

"बाळं डोंगर चढल्यावर ये."

"ताई, होडीत बसून हाडं खिळखिळी झालीत माझी. मी बहीण आहे तुझी, उंदीर नाही."

"उंदीर बरा, तो विचारत तरी नाही." मग कडी निघाली. "ये. पण हळू बोल. आणि शिंकू नकोस."

आत्साईनं तिला धुरावर वाळवलेल्या हिरव्या सोयाबीनचा खारट चहा दिला. आयूननं पेल्याच्या तळातले दाणे बोटानं काढून खाल्ले, ताईनं तिच्या हातावर चापट मारली, दोघी कुजबुजत्या आवाजात पोटभर हसल्या. बाळं शेवटच्या खाण्यावर होती. पाट्यांच्या चळती भिंतीला लागून छतापर्यंत गेल्या होत्या. एक बाळ एका पाटीच्या काठावरून चाललं होतं. आयूननं ते बोटावर घेऊन परत पानांवर ठेवलं. "खा बाई," ती म्हणाली, "तुझ्यावर शिकलेय मी." आणि मुक्काम न करता पुढच्या गावाला निघून गेली.

दोन दिवसांनी बाळं गळायला लागली. आधी एका पाटीतली, मग सगळीकडची. डोंगर चार दिवसांवर आला होता, गवताच्या पेंढ्या बांधून तयार होत्या. आत्साई आणि भाओजींनी अख्खं पीक टोपल्या भरभरून खड्ड्यात पुरलं. आजूबाजूच्या घरांतली बाळं धडधाकट होती.

गावाला दोन आणि दोन जोडायला वेळ लागला नाही. "रोगाच्या खोलीतून उठली आणि तडक बहिणीच्या घरात शिरली," छू काकू विहिरीवर म्हणाली. "शिकलेली ना! आम्हां अडाण्यांना एवढी अक्कल असते की दार वाजवू नये." आयून धावत आली तेव्हा आत्साई रिकाम्या पाट्या पुसत बसली होती. तिनं आदळआपट केली नाही, बोल लावला नाही. हीच पंचाईत झाली. आत्साई रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर दोघी रडून मोकळ्या झाल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "जेवून जा."

पुढच्या वर्षी बाळं डोंगर चढली. आत्साईनं निरोप धाडला तो पलीकडच्या गावातल्या मावसबहिणीला. आयूनला कळलं ते महिन्यानंतर, तेही दुसऱ्याच कोणाकडून.

त्यानंतर वर्षांवर वर्षं गेली. असं नाही की बहिणी तुटल्या. नव्या वर्षाला आयून आणि मिन गावी जायचे, आत्साई त्यांच्या ताटात मासा वाढायची, मिनला "एवढा उंच वाढलास आणि खातोस चिमणीएवढं" म्हणून टोमणे मारायची, निघताना आयूनच्या पिशवीत खारवलेल्या भाज्या कोंबायची. सगळं होतं. फक्त वसंताचा विषय निघाला की आत्साई उठून चुलीकडे जायची. मधल्या काळात शेती सामाईक झाली, बाळंही गावाच्या गटाची झाली, पण ती वाढायची आत्साईच्याच घरात, कारण तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. आणि कोष झाले की माणसं गुपचूप का होईना, डोंगर बघायला यायचीच. आयूनला बोलावणं आलं नाही.

आयून मात्र दरवर्षी त्या दिवसांत बाजारातून लुकाटं आणायची. "केंद्रातल्या पोरांना आणलीत," म्हणायची. दोन-तीन दिवस टोपली तशीच राहायची, मग मऊ पडायला लागली की पोरं ती फस्त करायची. मिननं एकदाही त्यावर थट्टा केली नाही, आणि मिनसारख्या माणसानं थट्टा न करणं म्हणजे काय ते ओळखणाऱ्यांनी ओळखलं.

बाळांचं खापर तिनं स्वतःच्याच डोक्यावर फोडून घेतलं होतं. केंद्रात तिचा नियम कडक : रोगाच्या खोलीतून बाहेर येताना कपडे बदला, पाय चुन्यात बुडवा, आणि बाळांच्या महिन्यात कोणीही आपल्या गावी जायचं नाही. कोणी कुरकुर केली तर ही एरवी मांजरासारखी बाई वाघासारखी अंगावर यायची. मध्ये ती उलथापालथीची वर्षं आली, तेव्हा शिकलेल्या बऱ्याच जणांसारखं तिलाही शिक्षा म्हणून डुकरं राखायला पाठवलं. तिनं तिथली खोपटी चुन्यानं अशी पांढरीशुभ्र केली की देखरेख करणारा म्हणाला, "तुला डुकरं राखायला सांगितलंय, त्यांचं लग्न लावायला नाही." डुकरं मात्र त्या वर्षी तापानं दमली नाहीत.

परत आल्यावर तिनं एकच काम धरून ठेवलं. हा रोग आमच्या मुलखात, आमच्या गार वसंतात, नेमका कसा चालतो? शिरल्यापासून दिसायला किती वेळ घेतो? दोन पिकांच्या मधल्या काळात कुठं दडून बसतो? ढोबळ उत्तरं पुस्तकांत होती. पण बाळं पुस्तकात वाढत नाहीत, मातीच्या जमिनीच्या घरात वाढतात. तिनं केंद्राच्या आवारात गावातल्यासारखीच एक खोली बांधून घेतली, मातीची जमीन, बांबूच्या पाट्या, कोपऱ्यात चूलसुद्धा. तिच्याकडे नेमलेली पोरं त्या खोलीला 'बाईंचं माहेर' म्हणायची.

एका हिवाळ्यात सगळं हाताशी आलं. ती आणि मिन चहा पीत बसले होते. आयून बोलत होती, नेहमीसारखी, भिंतीशी बोलल्यासारखी. वसंताच्या गारठ्यात रोग शिरल्यावर बाळ गळायला जवळजवळ आठवडा लागतो, कधी थोडं अधिकच. त्याआधी ते काठानं भटकायला लागतं. आणि ते कण बांबूच्या फटींत कोरडे राहिले तर वर्षानुवर्षं जिवंत असतात, पुसून जात नाहीत, चुन्याशिवाय हटत नाहीत.

मिननं पेला खाली ठेवला. "आयून, तू त्या वर्षी ताईकडे गेलीस, आणि दोन दिवसांत बाळं गळली."

"हो."

"अख्ख्या घरातली. दोन दिवसांत."

आयूननं बोटांवर दिवस मोजले. मग तिला ते काठावरचं बाळ आठवलं, बोटावर घेतलेलं. भुकेनं भटकतंय असं तिला तेव्हा वाटलं होतं. नंतर मनाला इतकं लागलं होतं की आपल्याच बोटानं रोग दिला असं तिनं धरून ठेवलं. ते बाळ तर आधीच आजारी होतं. रोग तिच्या आधी घरात होता.

"तू नव्हतीस गं!" मिन उभाच राहिला. "एवढी वर्षं! तू नव्हतीसच! उद्याच्या उद्या जाऊन सांग ताईला."

आयून आधी हसली, मग रडली, मग तिला सपाटून भूक लागली. त्या दिवशी ती दोन वाट्या भात जास्त जेवली. पंचविसाहून जास्त वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता, माणूस जेवणारच.

पण आवराआवर करताना तिचा हात थांबला. रोग आधीच घरात होता, तर कुठं होता? सगळ्या पाट्या कालव्यावर धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या. जमिनीला ताई दरवर्षी चुना टाकायची. एकच गोष्ट कधी धुतली गेली नव्हती. आणि त्याच गोष्टीत, दर वसंतात, मुंगीएवढी पिल्लं सर्वांत आधी ठेवली जायची. तिथं दोनचार पिल्लांना लागण होणार, त्यांच्याकडून पुढच्यांना, आणि शेवटच्या खाण्याला सगळं घर. गटाच्या काळातही ताईचं पीक अधूनमधून अर्धंमुर्धं बुडायचं. गटाच्या पाट्या चुन्यातून निघायच्या, पण आईची पाटी ताई लपवून ठेवायची आणि पिल्लं त्यातच झाडायची. पीक बुडालं की दोष दुसऱ्याच कशाचा, कधी कोणी मासा तळला होता, कधी कोणी दार वाजवलं होतं.

"आता काय झालं?" मिननं विचारलं.

"मी सुटले, तर आई अडकते," आयून म्हणाली.

मिननं चहाचे पेले उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाला, "आई आता नाही. ताई आहे. आणि तू आहेस."

"ताईकडे आईचं म्हणून तेवढंच आहे रे. तिला जाऊन सांगू, की इतकी वर्षं जी पाटी जपलीस, तिनंच तुझी बाळं खाल्ली?"

आणि गप्प बसायचीही सोय नव्हती. त्याच वर्षी गट मोडून, वाटण्या होऊन बाळं पुन्हा घरोघरी आली होती. येत्या वसंताचं पीक आत्साईचं स्वतःचं असणार होतं, साठीला आल्यावरचं स्वतःचं पहिलं. त्या पाटीत झाडलेली पिल्लं आयूनच्या डोळ्यांसमोरून हलेनात. सांगावं तर बहीण मोडते आणि न सांगावं तर पीक जातं, अशा कात्रीत ती नव्या वर्षापर्यंत राहिली.

नव्या वर्षाला गावी गेल्यावर, पुरुष बाहेर होडीला डांबर फासत असताना, ती ताईजवळ चुलीपाशी बसली. आयुष्यभर खोटं न बोललेलं माणूस खोटं बोलायला निघालं की त्याचे कान आधी लाल होतात. आयूनचे झाले.

"ताई, त्या वर्षीचं बोलायचंय."

आत्साई उठायला लागली. आयूननं तिची बाही धरली.

"ऐक ना. माझीच चूक होती ती. माझ्या हाताला रोग होता. आणि मी त्या दिवशी... मी आईच्या पाटीलाही हात लावला होता. तू चहा करत होतीस तेव्हा. तो रोग बांबूत बसून राहतो ताई, वर्षानुवर्षं. माझ्या हातून तिच्यात गेला असेल. मला ती चुन्यात घालून धुऊ दे. मी घाण केली, मीच साफ करते."

आत्साई तिच्याकडे बघत राहिली. चुलीतलं लाकूड सरकलं, ते तिनं आत ढकललं. आयूनला वाटलं, आता बोलेल, आता तरी दोन शिव्या देईल.

"चुना किती लागेल?" आत्साई म्हणाली.

दोघींनी मिळून अंगणात मोठ्या मातीच्या रांजणात कळीचा चुना विरवला. आत्साईनं माळ्यावरून पाटी काढली, फडकं सोडलं आणि स्वतःच्या हातानं ती बुडवली. वर तरंगू नये म्हणून दगड ठेवला. छू काकू कुंपणावरून बघत होतीच. "काय गं, नशीब भिजत घातलंस?" तिनं विचारलं. "तुझं पण आण, जागा आहे," आत्साईनं सुनावलं. पाटी बाहेर निघाली तेव्हा तिचा तो तांबूस रंग गेला होता. ती कुठल्याही बाजारातल्या पाटीसारखी पांढुरकी दिसत होती. आत्साईनं तिच्यावरून हात फिरवला आणि ती उन्हाला लावली.

वसंत आला. आयूनचा जीव टांगणीला लागला. केंद्रातलं काम चालू होतं, पोरं प्रश्न विचारत होती, ती उत्तरं देत होती, पण मन ताईच्या घरात पाट्या मोजत होतं. पीक बुडालं तर ताईनं आईची खूणही घालवली आणि बाळंही. मग कुठलं तोंड घेऊन नव्या वर्षाला जायचं? मिन रोज संध्याकाळी विचारायचा, "दमली का?" आणि ती म्हणायची, "बोलू नकोस अभद्र."

मग एका दुपारी फाटकावरच्या माणसानं हाक मारली, फोन आहे म्हणून. पलीकडून भाओजी होते. ते फोनवर ओरडून बोलायचे, कारण गाव लांब होतं.

"आयून? ताई म्हणतेय, डोंगर बघायला ये."

"मी?"

"तूच. आधी तू." दिवसाचे शब्द संपत आले असावेत, त्यांनी फोन ठेवला.

आयूननं त्या वर्षीची लुकाटं केंद्रातल्या पोरांना लागू दिली नाहीत. मासाही घेतला, भला मोठा, आणि होडीभर त्याचं पाणी सांडत गेली. दारावरची फांदी निघाली होती, दार सताड उघडं. आत पेंढ्यांवर इतके कोष होते की गवत दिसत नव्हतं. पांढरे, घट्ट, एकाला एक लागून. आतला जीव धड आहे का ते ऐकायला आयूननं एक कोष कानाशी धरून हलवला, मग दुसरा, मग तिसरा. हजार वेळा केलेलं काम तिला त्या दिवशी नवं वाटलं.

"तुझ्या केंद्रात असे होतात?" आत्साईनं विचारलं. स्वर कसा, तर फुशारकीचा.

"नाही गं ताई. असे नाही होत."

आत्साई शेजारी येऊन उभी राहिली. बाहेर अंगणात बायका जमायला लागल्या होत्या, लुकाटं सोलत होत्या, त्यांचे आवाज येत होते. आत्साई हलक्या आवाजात म्हणाली, "त्या वर्षी तू आलीस तेव्हा बाळं शेवटच्या खाण्यावर होती."

"हो."

"तेव्हा आईची पाटी माळ्यावर होती. फडक्यात बांधलेली. तुझा हात तिला लागणार कसा?"

आयूनचे कान पेटले. या घरात जन्मलेली बाई, पाटी कधी वर जाते हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! खोटं ठरवताना तेवढंच नेमकं विसरली होती.

"तू चुलीशी बोललीस ना, तेव्हाच कळलं मला," आत्साई म्हणाली. "खोटं बोलतेय, हे कळलं. का बोलतेय, हे रांजणात चुना ढवळताना कळलं. रोग तू आणलाच नव्हतास. हो ना?"

आयूननं हातातला कोष परत गवतावर ठेवला.

"मग मला सरळ सांगितलं का नाहीस गं?"

"आईची पाटी होती, ताई."

"आणि तू कोणाची होतीस?" आत्साईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तुझा राग नव्हता कधी. भीती होती. तू आलीस की काहीतरी होईल, अशी भीती बसली होती. दरवर्षी वाटायचं, यंदा बोलावू. दरवर्षी मावसबहिणीला निरोप धाडायचे आणि जेवण गोड लागायचं नाही. आईनं दोन गोष्टी सांभाळायला सांगितल्या होत्या. मी एकच सांभाळली."

"काहीतरीच काय बोलतेस! मला शिकवलंस कोणी?"

पण आत्साईनं डोळे पुसून टाकले होते आणि तिचा हात धरून तिला अंगणात ओढत नेलं. छू काकू पाटावर ऐसपैस बसली होती, समोर बियांचा ढीग. आयूनला बघून तिनं भुवया वर केल्या.

"बघा बाई, आज पहिला मान आयूनला! आत्साई, दार नीट झटकून घे हो नंतर. मागे एकदा अशीच आली होती."

बायका हसल्या. वाईट मनानं नाही. गावात ही थट्टा आता जुनी झाली होती, आयूनसुद्धा सवयीनं कसनुसं हसली. आत्साई हसली नाही.

"छू काकू, त्या वर्षी रोग हिनं आणला नव्हता," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं, बाळांच्या महिन्यात कोणी बोलणार नाही अशा आवाजात. "रोग माझ्या घरातच होता. दरवर्षी होता. मी एक पाटी धूत नव्हते, चुना लावत नव्हते, तिच्यातून तो बाळांना लागायचा. आणि खापर मी हिच्या डोक्यावर फुटू दिलं, इतकी वर्षं."

छू काकूच्या हातातलं लुकाट अर्धं सोललेलं राहिलं. तिच्या घरातही माळ्यावर काय काय टांगलेलं होतं, ते तिचं तिला माहीत.

आयूननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आत्साईनं तिचा हात घट्ट दाबला.

"कुठली गं पाटी?" छू काकूनं अखेर विचारलं. "कोणाची?"

"माझी," आत्साई म्हणाली.